सहावा महिना लागलेला असताना थीम पार्क : कोल्हापुरातल्या एका घराचं प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना कुठंतरी न्यायचं हे घरात आधीच ठरलेलं असतं. दिवस राहिल्याची बातमी नंतर येते. मग सगळे मिळून एकच प्रश्न विचारतात, तिला न्यायचं की नाही? आणि उत्तर एका शब्दात हवं असतं. त्या एका शब्दात किती गोष्टी दडलेल्या असतात ते पाहण्यासाठी हे प्रकरण घेतलं आहे. हे घर बऱ्याच घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणून अभ्यासासाठी उभं केलेलं आहे. वैद्यकीय माहिती मात्र जशीच्या तशी आहे.

घर राजारामपुरीतलं. ती ३१ वर्षांची, दुसरी खेप. सहलीच्या दिवशी २३ वा आठवडा, म्हणजे घरच्या हिशेबानं सहावा लागलेला. सोबत नवरा, पाच वर्षांची लेक, सासूबाई, नणंद आणि नणंदेचा अकरा वर्षांचा मुलगा. सहा माणसं आणि सात आसनी गाडी. जायचं खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला. २०१३ साली ते सुरू झालं तेव्हापासून कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरांच्या हट्टात त्याचं नाव पहिलं असतं. अंतर साधारण ३०० किलोमीटर. आधी कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम सुचवून पाहिलं होतं, गावापासून जवळ आणि झटक्यांचा प्रश्नच नाही. पण पोरांचं ते दोनदा पाहून झालेलं.

सासूबाईंचं म्हणणं, "सातव्यात ओटी भरायची हाय, आत्ताच कशाला एवढं हिंडायचं?" नणंदेचं म्हणणं, "झुल्यावर बसू नको म्हंजे झालं की वैनी, बाकी काय हुतंय?" दोघींच्या बोलण्यात तथ्य आहे. तरी आमच्या मते जास्त सावधपणे घ्यायला हवं ते नणंदेचं वाक्य, कारण ते ऐकलं की सगळी काळजी घेऊन झाल्यासारखं वाटतं. झुल्यावर न बसणं हा या सहलीतला सोपा भाग. तिथं बोर्ड असतो, अडवायला माणूस असतो. रांगेतलं ऊन, सात तासांचा रस्ता, न प्यायलेलं पाणी आणि "पोरांचा विरस नको" म्हणून गिळून टाकलेला थकवा यांना कुठंही बोर्ड नसतो.

डॉक्टरांकडे काय विचारलं

"जाऊ का?" एवढंच विचारलं तर डॉक्टरही "जपून जा" एवढंच सांगतात. या घरानं एका कागदावर लिहून नेलं : गाडीत किती तास, मुक्काम कुठं, पार्कात किती वेळ, चालणं किती, आणि जवळचं मोठं गाव कोणतं. मग फाईल उघडून त्यावर नीट बोलणं झालं.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार (नाळेमार्फत बाळाला पोसणारा, गर्भाशयाला चिकटलेला भाग) वरच्या बाजूला, मागच्या भिंतीला. गर्भाशयाच्या तोंडाची लांबी ३.६ सेंटीमीटर. बीपी ११०/७०. पहिलं बाळंतपण साधं आणि पूर्ण दिवसांचं. ही सगळी जायच्या बाजूची पानं. वार खाली असती, या खेपेला कधी अंगावरून रक्त गेलं असतं, तोंड आखूड असतं किंवा टाका घातलेला असता, जुळं असतं, बीपी चढलेलं असतं किंवा आधीचं मूल दिवसाआधी झालेलं असतं, तर चर्चा तिथंच संपवायला हवी होती. यातलं एक कारण असलं तरी सहल पुढच्या वर्षावर टाकावी. दिवस बघायचे तर १४ ते २८ आठवडे हा प्रवासाला त्यातल्या त्यात बरा काळ. आधी उलट्या आणि गर्भपाताची भीती, नंतर पोटाचा भार आणि दिवसाआधी कळा लागण्याची.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांनी पेनानं गोल करून दाखवल्या.

एक, हिमोग्लोबिन १०.४. गरोदरपणात ११ च्या खाली आलं की रक्त कमी धरतात. एवढ्यानं प्रवास अडत नाही, पण उन्हात उभं राहिल्यावर चक्कर लवकर येते. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा-दुधाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीत व तिच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवावं. प्रवासात पोट बिघडेल म्हणून बायका नेमके हेच तीन-चार दिवस गोळी बंद करतात. ती रात्री जेवणानंतर थोड्या वेळानं घेतली की मळमळ झोपेत निघून जाते.

दुसरी गोष्ट रक्तगटाची. तिचा बी निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह, पहिली मुलगी पॉझिटिव्ह. पहिल्या बाळंतपणानंतर अँटी-डीचं इंजेक्शन वेळेवर दिलेलं होतं. निगेटिव्ह आईच्या पोटाला मार लागला तर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं, मग आईचं शरीर त्या रक्ताविरुद्ध द्रव्यं तयार करतं आणि ती या किंवा पुढच्या बाळाच्या रक्तपेशींवर उठतात. म्हणून पडलं, आपटलं, अंगावरून रक्त गेलं, यातलं काहीही झालं तर ७२ तासांच्या आत अँटी-डी, म्हणजे ही द्रव्यं तयार होऊ न देणारं इंजेक्शन. हे त्यांनी माता बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहून दिलं. कार्ड तिच्या पर्समध्ये, त्याचा फोटो नवऱ्याच्या आणि नणंदेच्या मोबाईलमध्ये. तिलाच चक्कर आली तर रक्तगट सांगणारं दुसरं माणूस हवं.

रस्ता

एका दमात ३०० किलोमीटर जायचं नाही हे पहिलं ठरलं. पहिल्या दिवशी पुण्यात नात्यातल्या घरी, दुसऱ्या दिवशी सकाळी बोरघाट उतरून पार्क आणि रात्री तिथंच जवळ मुक्काम, तिसऱ्या दिवशी परत. महालक्ष्मी एक्स्प्रेसचाही विचार झाला. रेल्वेत उठून चालता येतं, संडास हाताशी असतो, हा मोठा फायदा. पण ती गाडी पुण्यात अवेळी उतरवते आणि पुढं पुन्हा गाडी करावीच लागते, म्हणून राहिलं.

गरोदरपणात रक्त गोठण्याकडे कल वाढतो. पायात गाठ होण्याचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पट असतो, आणि चार तासांहून जास्त एका जागी बसणं त्यात भर घालतं. उपाय साधा आहे, दर दीड ते दोन तासांनी उतरून पाच-सात मिनिटं चालणं. पण "पुढं थांबू, पुढं थांबू" करत तो राहून जातो. म्हणून थांबे आधीच बांधून टाकले : कराड, मग सातारा ओलांडून आनेवाडी टोलनाका, मग खेड-शिवापूर. लघवी लागो न लागो, उतरायचंच. लघवी धरून ठेवली की मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि या दिवसांत त्यातून ताप आणि कळाही येऊ शकतात. गाडीत बसल्या बसल्या दर अर्ध्या तासानं दोन्ही पावलं घोट्यातून दहा-दहा वेळा वर-खाली.

जागा मधल्या रांगेत डावीकडे. मागच्या रांगेत धक्के जास्त बसतात, कारण ती मागच्या चाकांच्या वर येते. कमरेच्या खोलगट भागामागं गुंडाळलेला पंचा.

सीटबेल्टबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथं जवळजवळ प्रत्येक घर चुकतं. पोटाला काचेल म्हणून पट्टा लावतच नाहीत, नाहीतर आडवा पट्टा पोटाच्या मधोमध घेतात. दोन्ही चूक. आडवा पट्टा पोटाच्या खाली, मांड्या जिथं सुरू होतात तिथं, कमरेच्या दोन्ही हाडांवर टेकवायचा. तो सपाट हवा, पिळलेला नको. तिरका पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या कडेनं खाली जातो. लावून झाल्यावर पोटाखालून बोट फिरवून बघायचं, पट्टा वर सरकलेला असतो आणि साडीच्या किंवा कुर्त्याच्या घडीत ते दिसत नाही. प्रत्येक थांब्यानंतर हे पुन्हा बघायचं. ब्रेक लागला की सगळी ओढ हाडांनी घ्यायला हवी, पोटानं नव्हे.

खाण्याचं म्हणाल तर निघताना मिसळीचा मोह टाळला. या दिवसांत जठराच्या वरची झडप सैल पडते. कट खाऊन तीन तास गाडीत बसलं की घशाशी येणारच. त्याऐवजी धपाटे, दशम्या, गूळ-शेंगदाणे, केळी. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं, कारण रिकाम्या पोटीच मळमळ जास्त.

पायात काय घालायचं यावर सासू-सुनेत थोडी बोलाचाली झाली. तिच्या रोजच्या कोल्हापुरी चपला अंगवळणी पडलेल्या. पण ओल्या फरशीवर चामड्याचा तळ सटकतो आणि मागून टाचेला आधार नाही. या दिवसांत पोटाच्या भारानं तोल पुढं जातो आणि सांधेही सैल असतात. रबरी तळाचे, मागून बंद बूट घेतले. पाय संध्याकाळी सुजतात हे धरून अर्धा नंबर मोठे, आणि सहलीआधी आठवडाभर घरात घालून फिरली.

झुले का टाळायचे

गर्भाशय स्नायूंचं, ताणलं जाणारं. वार तितकी ताणत नाही. वेगातली वस्तू एकदम थांबली की गर्भाशयाची भिंत आणि वार एकसारख्या हलत नाहीत, आणि दोन्ही जिथं चिकटलेल्या असतात तिथं ओढ पडते. त्यातून वार सुटू शकते. बाळाभोवतीचं पाणी बाहेरचा धक्का बराचसा झेलतं, पण ही आतली ओढ त्याला थांबवता येत नाही. हे ज्ञान मुख्यतः रस्ते अपघातांत सापडलेल्या गर्भवतींच्या अभ्यासातून आलं आहे. गर्भवतींना झुल्यावर बसवून प्रयोग कोण करणार, आणि करूही नये. त्यामुळं अमुक इतका झटका चालतो असा आकडा कुणीच देऊ शकत नाही. "मी बसले होते, मला काही झालं नाही" हे सांगणाऱ्या मैत्रिणीचं खरं असतं, पण त्यावरून दुसरीला बसवता येत नाही.

दुसरं कारण मांडीवर येणारी दांडी. माणूस सुटून पडू नये म्हणून ती घट्टच बसावी लागते, आणि सहाव्या महिन्यात मांडीच्या वर लगेच पोट असतं. दांडी सैल ठेवली तर बाई पडेल, घट्ट केली तर पोट दबेल.

म्हणून रोलर कोस्टर, उंचावरून सोडणारा मनोरा, झुलणारं जहाज, फिरणाऱ्या कपबश्या, धडकगाड्या, पाण्यात आपटणारी होडी, वॉटर पार्कच्या घसरगुंड्या आणि लाटांचा तलाव हे सगळं बाजूला. यात लोक फसतात ते पडद्यासमोरच्या हलत्या खुर्च्यांत. "ते कुठं जात नाही, नुसता सिनेमा आहे" असं म्हणून तिकडं नेतात. गाडी जागची हलत नाही हे खरं, पण खालचा मंच झटके देतो आणि पट्टा पोटावरच येतो. कुठल्याही दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे : खुर्ची हलते का, पट्टा किंवा दांडी पोटावर येते का, मधेच एकदम थांबते का. एकालाही "हो" आलं तर नाही. तिन्हीला "नाही" आलं आणि बोर्डावर मात्र गर्भवतीच्या चित्रावर काट असली, तर बोर्डाचं ऐकायचं. जत्रेतला, उरुसातला आकाशपाळणा तर या दिवसांत विचारातही घेऊ नये. तो तीन दिवसांत उभा होतो आणि त्याच्या पट्ट्यांचा भरवसा धरता येत नाही.

भुताटकीच्या वाड्याबद्दल सासूबाईंची भीती बाळ दचकेल ही होती. निरोगी गरोदरपणात क्षणभर दचकल्यानं बाळाला इजा होत नाही. पण दचकलेलं माणूस अंधारात न बघता मागं पाऊल टाकतं, मागं पायरी असते किंवा दुसऱ्याचा पाय. म्हणून तेही नकोच. दारातल्या धातुशोधक कमानीला मात्र घाबरायचं कारण नाही, त्यात क्ष-किरण नसतात. बॅगा तपासणाऱ्या यंत्रात असतात, पण त्यातून बॅग जाते, माणूस जात नाही.

एक गोष्ट जाता जाता, कारण तिच्यावरून बायका रात्र रात्र जागतात. दिवस राहिल्याचं कळायच्या आधी, चौथ्या-पाचव्या आठवड्यात कुणी झुल्यावर बसून आली असेल तर घाबरून जाऊ नये. तेव्हा गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत सुरक्षित असतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावं, पुरे.

पार्कातला दिवस

मंगळवार मुद्दाम निवडला, शनिवार-रविवारची गर्दी टाळायला. तिकिटं काढण्याआधी फोन करून विचारलं : झुल्यावर न बसणाऱ्यासाठी वेगळा दर आहे का, औषधं आणि पाणी आत नेता येतं का, व्हीलचेअर मिळते का, प्रथमोपचार कक्ष कुठं आहे. शेवटचा प्रश्न आत गेल्यावर पुन्हा विचारून नकाशावर फुली मारून ठेवली. कामं वाटली. नणंद पोरांबरोबर झुल्यांवर, सासूबाई आणि ती ठरलेल्या सावलीच्या बाकावर, नवरा दोन्हीकडे. पोरांनी दर तासाला त्या बाकापाशी यायचं, तिनं पोरांमागं हिंडायचं नाही. बेत चांगला होता, तरी दोनदा मोडला.

पहिल्यांदा पावणेबाराला. लेकीला लाकडी घोड्यांच्या चक्रावर आईच हवी होती. घोड्यावर नाही, शेजारच्या बाकड्यावर बसेन असं म्हणून ती रांगेत उभी राहिली. ३५ मिनिटं. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला उभं राहिलेल्यांना हे ठाऊक आहे : चालून जेवढं थकत नाही तेवढं एका जागी उभं राहून थकतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. उभं राहिलं की ते पायात साचतं. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, मधल्या महिन्यांत बीपी मुळात थोडं उतरलेलं असतं, त्यात ऊन आणि १०.४ हिमोग्लोबिन. तिला आधी लागोपाठ जांभया आल्या. मग वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब, कानात सूं आवाज, आणि लेक काय बोलते आहे ते लांबून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. "आता दोनच फेऱ्या राहिल्यात" म्हणून ती आणखी चार मिनिटं थांबली. चूक इथं झाली. जांभयांनाच रांग सोडायला हवी होती.

पुढचं मात्र नीट झालं. सासूबाईंनी पाहिलं, हाताला धरून तिथंच खाली बसवलं, बाकापर्यंत चालवत नेलं नाही. चक्कर येणाऱ्याला चालवलं तर तो वाटेत पडतो. मग डाव्या कुशीवर आडवं केलं, पाय पिशवीवर उचलून. उताणं निजवायचं नाही. विसाव्या आठवड्यानंतर उताणं निजलं की गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याशेजारच्या मोठ्या नीलेवर येतो आणि हृदयाकडे परत जाणारं रक्त आणखी कमी होतं. मानेला ओला रुमाल, ओआरएसचे घोट. ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळून नेलेली होती. अर्धी पुडी पेल्यात टाकायची सवय मोडायला हवी, प्रमाण चुकलं की फायदा जातो. दहा मिनिटांत रंग परत आला. वीस मिनिटांनी उठवून बसवलं, मग उभं केलं.

खरी चुटपुट नंतर लागली. रांगेच्या तोंडाशीच बोर्ड होता आणि त्यावर गर्भवतीच्या चित्रावर काट होती. गर्दीत कुणी वाचलाच नव्हता. रांगेत शिरण्याआधी बोर्ड वाचायचा, आणि वेळ लागणार असेल तर रांगेत नवऱ्यानं उभं राहायचं. आई बाहेर कठड्यापाशी बसून प्रत्येक फेरीला हात हलवते, एवढ्यानं पाच वर्षांचं मूल खूश होतं. दुपारी दुसऱ्या चक्रावर तसंच केलं.

जेवण समोर गरम वाढलेलं : वरण-भात, भाजी. चिरून ठेवलेली फळं, कोशिंबीर, बर्फाचा गोळा, पाणीपुरी टाळली. दूषित पाण्यानं होणारी हगवण या दिवसांत अंगातलं पाणी झपाट्यानं उतरवते. जेवणानंतर तासभर पाय वर घेऊन बसणं, मग खुर्च्या न हलणारा एक खेळ. स्टेजच्या भोंग्यांपासून लांब, मधल्या रांगेच्या कडेला, उठून बाहेर जाता येईल अशी जागा.

दुसऱ्यांदा तीन वाजून चाळीस मिनिटांनी. पोट दगडासारखं घट्ट झालं, अर्ध्या मिनिटानं सैल पडलं, पुन्हा घट्ट झालं. ती बोलली नाही. पोरांच्या पाण्यातल्या होडीची पाळी आली होती. तिसऱ्यांदा झालं तेव्हा सासूबाईंनी तिचा पोटावर ठेवलेला हात पाहून विचारलं. पिशवी उघडली तर सकाळी भरलेल्या दोन लिटर-लिटरच्या बाटल्यांपैकी एक संपलेली, दुसरीतलं जेमतेम बोटभर पाणी गेलेलं. जेवणानंतर तिनं पाणी जवळजवळ बंदच केलं होतं. कारण बायकांच्या संडासाबाहेर मोठी रांग होती आणि तिला तिथं पुन्हा उभं राहायचं नव्हतं.

अशा सहलीत हे हमखास घडतं. पाणी कमी प्यायलं, मूत्राशय भरलेलं, चालणं जास्त, की गर्भाशय अधूनमधून आवळतं. हे आवळणं बहुतेक वेळा खोटं असतं : अनियमित, न वाढणारं, विश्रांतीनं थांबणारं. पण २३ व्या आठवड्यात खरं की खोटं हे अंदाजानं ठरवायचं नाही, मोजायचं. आधी लघवी करून घेतली. रांगेतल्या बायकांना सांगितल्यावर त्यांनी लगेच पुढं सोडलं. आपल्याकडे हे मागायला लाज वाटते आणि मागितलं की कुणी नाही म्हणत नाही. मग अर्ध्या तासात अर्धा लिटर पाणी, डाव्या कुशीवर, आणि नवऱ्यानं मोबाईलवर प्रत्येक आवळणं सुरू झाल्याची वेळ लिहिली. ३:५२, ४:०४, ४:२३, मग काही नाही. तासात सहा किंवा जास्त झाली असती, अंतर कमी होत गेलं असतं, कंबरेतून पुढं येणारी कळ, खाली दाब, पाणी जाणं किंवा रक्ताचा डाग दिसला असता, तर वाट न बघता १०८ ला फोन आणि पनवेलच्या दिशेनं मोठं रुग्णालय. दोन नावं आधीच शोधून ठेवली होती, रात्री प्रसूतितज्ज्ञ हजर असणारी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष असणारी.

चार पन्नासला नवऱ्यानं निघायचं ठरवलं. अकरा वर्षांचा भाचा रुसला. त्याचा सगळ्यात मोठा झुला राहिला होता. नणंद त्याला घेऊन थांबली, बाकीचे मुक्कामाला गेले आणि नवरा नंतर दोघांना आणायला परत आला. हे आधीच ठरवलेलं असतं तर रुसवाही टळला असता. गरोदर बाईचा दिवस लवकर संपणार हे धरूनच बेत करावा, म्हणजे "तिच्यामुळं राहिलं" हे वाक्य कुणाच्या तोंडी येत नाही आणि तीही दुखणं लपवत नाही.

पोटाला मार लागला असता तर

तो प्रसंग आला नाही. पण झुल्यावरून उतरलेलं पोर धावत येऊन आईच्या पोटावर आदळतं, हे अशा जागी अगदी सहज घडतं. मार किरकोळ वाटला, बाहेर वळ नाही, बाळ हलतंय, म्हणून घरी जाऊन बघू असं म्हणायचं नाही. वार सुटायला लागली तर रक्त आत साठतं आणि सुरुवातीला बाहेर काहीच दिसत नाही. रुग्णालयात किमान चार तास बाळाचे ठोके आणि गर्भाशयाचं आवळणं यांवर नजर ठेवतात. तिथं पोचल्यावर पहिलं वाक्य "किती आठवडे आणि रक्तगट निगेटिव्ह" हे असावं. बाळाच्या हालचाली मोजण्याचा नेम २८ आठवड्यांनंतरचा. २३ व्याला त्या अनियमितच असतात, त्यामुळं "हलतंय ना" यावर विसंबता येत नाही.

परत

बेतातला कच्चा दुवा तिसरा दिवस होता. जाताना दोन टप्पे केले आणि येताना सगळा रस्ता एका दिवसात ठेवला, तोही थकलेल्या अंगानं. पुण्यात दोन तास जेवण आणि झोप घेऊनही राजारामपुरीत पोचायला रात्रीचे नऊ झाले. दोन्ही घोटे सुजलेले, मोज्याच्या कडेचा वळ बोटानं जाणवेल इतका. रात्री पायाखाली उशी घेतली आणि सकाळी सूज उतरली. दोन्ही पायांना सारखी आणि झोपेनं उतरणारी सूज चालते. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर त्याच दिवशी दवाखाना, आणि तिथं पोचेपर्यंत ती चोळायची नाही. चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढं काजवे असले तर बीपीसाठी लगेच.

शुक्रवारच्या तपासणीला नवऱ्यानं मोबाईलमधल्या त्या तीन वेळा डॉक्टरांना दाखवल्या. लघवीची तपासणी झाली, ती साफ आली. लोहाची गोळी दिवसातून दोनदा केली. रक्तातल्या विरोधी द्रव्यांची तपासणी सत्ताविसाव्या आठवड्यात, आणि ती निगेटिव्ह आली की अठ्ठाविसाव्यात अँटी-डी, म्हणजे ओटीभरणाच्या आसपासच. सासूबाईंनी घरी येऊन कॅलेंडरवर दोन्ही तारखांना खूण केली.